तेलाचा माग

यंत्रें मुकीं असतात असें आपण समजतों. वस्तुतः तीं बोलतात. मात्र त्यांची भाषा आवाजाची, उष्णतेची आणि डागांची असते, व ती समजून घेण्यास सवड काढावी लागते. मोटारसायकल, जिला जुनीं माणसें फटफटी म्हणत, ती आज पुष्कळ वाचकांच्या घरीं असेल. अशाच एका गाडीखालीं पडलेल्या तेलाच्या डागानें आम्हांस दोन दिवस विचार करावयास लाविलें. त्या डागाचा उगम कसा सांपडला, ही हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस उपयुक्त वाटेल, या आशेनें ती येथें देत आहों.

ही गाडी आमच्या धाकट्या बंधूंची. पाटण तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर जनावरांचीं औषधें पोंचविण्याचें काम ते करितात. गाडी बंद म्हणजे मिळकत बंद, असा रोकडा हिशेब असल्यामुळें त्यांनीं महिन्यापूर्वींच ती दुसऱ्याकडून जुनी विकत घेतली होती. एके दिवशीं चिपळुणाहून परततांना कुंभार्ली घाटाच्या शेवटच्या चढावर खाडकन आवाज झाला. इंजिन एकाएकीं मोकळें सुटल्यासारखें ओरडूं लागलें आणि गाडी जागच्या जागीं थांबली. आम्ही मागें बसलों होतों. खालीं उतरून पाहतों तों साखळी तुटून पुढल्या दातेरी चाकाभोंवतीं तिचा गोळा झालेला!

एका टेंपोवाल्यानें गाडी पाटणास आणून सोडिली. तेथील मिस्त्रींनीं नवी साखळी व पुढचें-मागचें अशीं दोन्हीं स्प्रॉकेटें घातलीं, आणि संध्याकाळीं गाडी घरीं आली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र अंगणांतील फरशीवर, गाडीच्या डाव्या अंगास, तळहाताएवढा तेलाचा डाग दिसला. मिस्त्रींस बोलाविलें. त्यांनीं पुढल्या स्प्रॉकेटामागें इंजिनच्या केसवर उमटलेला ताजा ओरखडा दाखविला आणि मान हलविली. "केस फुटली दिसते, दादा. इंजिन उतरवावें लागेल." बंधूंचा चेहरा उतरला. त्या खर्चांत त्यांची दोन महिन्यांची मिळकत गेली असती.

मिस्त्रींची भीति निराधार नव्हती. चढावर साखळीच्या वरच्या बाजूवर सर्व ताण असतो. ती तुटली तरी इंजिन क्षणभर फिरतच राहतें, व पुढलें स्प्रॉकेट तुटकें टोंक आपल्या झांकणांत ओढून घेतें. तेथें जागा थोडी आणि साखळी पोलादी. समोरची केस मात्र ॲल्युमिनियमची. अशा आघातानें केसला भेग पडल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत.

साखळी तुटते तरी कां? आज प्रचारांत असलेल्या रोलर साखळीचा शोध हान्स रेनॉल्ड यांनीं इंग्लंडांतील मँचेस्टर येथें लाविला व १८८० सालीं तिचें पेटंट घेतलें. लहान मोटारसायकलींच्या साखळींत एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचें अंतर बहुधा १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असतें. वंगण न मिळाल्यास पिना व त्यांभोंवतालच्या नळ्या झिजतात आणि हें अंतर वाढत जातें. साखळी लांबली असें आपण म्हणतों तें याच झिजेमुळें. लांबलेली साखळी दात्यांवर नीट बसत नाहीं; ती दात्यांस आंकड्यासारखा आकार आणते, आणि शेवटीं तिचा सर्वांत अशक्त दुवा दगा देतो. आमच्या बंधूंच्या गाडीची साखळी पूर्ण झांकणाच्या आंत होती. झांकण धुळीपासून तिचें रक्षण करितें हें खरें. पण आंतील झीजही तें डोळ्यांआड ठेवितें.

आतां तेलाकडे वळूं. साखळी तुटली आणि मग तेल दिसलें, एवढ्यावरून केस फुटली असें ठरविणें म्हणजे साक्षीपुरावा न घेतां निकाल देणें होय. त्या जागीं तेल येण्यास दुसरींही कारणें संभवतात. नव्या साखळीस लाविलेलें वंगण उडून तेथें सांचूं शकतें. गिअरपेटींतून बाहेर येणाऱ्या धुऱ्याभोंवतीं रबरी ओठाचें एक कडें असतें; त्यास ऑईल सील म्हणतात. तें फाटलें तर तेल तेथून येतें. गिअर बदलण्याच्या दांड्याभोंवतींही तसेंच लहान सील असतें. डाव्या झांकणाचें गॅस्केट असतें. शिवाय इंजिनच्या माथ्याकडून पाझरलेलें तेल वाऱ्यानें मागें ढकललें जाऊन खालीं उतरतें, व निराळ्याच ठिकाणीं थेंब होऊन पडतें. जेथें थेंब लोंबतो तेथें तेलाचा प्रवास संपलेला असतो. तो सुरू कोठें झाला हें शोधावयाचें, तर वर व पुढें पाहत गेलें पाहिजे.

आम्ही मिस्त्रींस विनंति केली कीं, इंजिन उतरविण्यापूर्वीं आम्हांस दोन दिवस द्यावे. त्यांनीं ती मोठ्या मनानें मान्य केली, एवढेंच नव्हे तर आपलीं हत्यारेंही दिलीं.

प्रथम डाग बोटावर घेऊन पाहिला. साखळीचें वंगण चिकट असतें. हें पातळ व निसरडें होतें, तेव्हां तें इंजिनचेंच. मापकाठी पाहिली, तेल किंचित् उतरलें होतें, तें भरून पातळी बरोबर केली. तेलाच्या कमतरतेनें इंजिन जळालें असतें, तर भेगेचा शोध व्यर्थच ठरता! मग इंजिन पूर्ण थंड असतां स्प्रॉकेटावरील झांकण काढून तो सर्व भाग डिझेल व ब्रशानें, नंतर साबणाच्या पाण्यानें धुतला आणि फडक्यानें कोरडा केला. टायर व ब्रेक यांवर तेल किंवा डिझेल उडूं नये म्हणून त्यांवर जुनें पोतें बांधलें होतें. तेलकट टायर वळणावर स्वारास पाडल्याशिवाय राहत नाहीं.

पहिल्या रात्रीं गाडी बाजूच्या स्टँडवर, म्हणजे डावीकडे कलती होती. या खेपेस ती मधल्या स्टँडवर सरळ उभी केली व खालीं वर्तमानपत्र पसरलें. सकाळीं कागद कोरडा! इंजिनांतील तेलाच्या पातळीखालीं भेग असती, तर सरळ उभ्या गाडींतूनही रात्रभर तेल पाझरलें असतें. आणि तो ओरखडा तर धुऱ्याच्या बराच खालीं होता. बंधूंच्या तोंडावर थोडी टवटवी आली. तथापि हें अनुमान होतें. पुरावा अजून मिळावयाचा होता.

त्यासाठीं आम्हीं खडूची भुकटी घेतली. विद्यार्थ्यांस आश्चर्य वाटेल, परंतु फळ्याखालीं सांडणारी ही पांढरी धूळ एके काळीं मोठ्या कामाची होती. रेल्वेच्या कारखान्यांत आंस व इतर भाग तेलांत भिजवून पुसून काढीत, त्यांवर खडूचा पातळ थर देत, आणि भेगेंत दडलेलें तेल बाहेर झिरपून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते कीं काय तें पाहत. आज याच कामासाठीं रंगीत व अतिनील प्रकाशांत चमकणारीं द्रव्यें वापरतात. तत्त्व मात्र तेंच.

ओरखड्यावर, सीलांभोंवतीं व झांकणाच्या सांध्यावर भुकटी फुंकरली. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून इंजिन दहा मिनिटें चालविलें. सर्व भाग कोरडा राहिला. न्यूट्रलमध्यें बाहेरचा धुरा फिरत नाहीं. मग मागलें चाक अधांतरीं असतां मिस्त्रींनीं गाडी पहिल्या गिअरमध्यें टाकली व धुरा फिरूं लागला. (हा प्रयोग मुलांनीं कदापि करूं नये. फिरत्या साखळींत सांपडलेलें बोट परत मिळत नाहीं.) आम्ही दूर उभे राहून भ्रमणध्वनीच्या दिव्याच्या उजेडांत पाहत होतों. कांहीं मिनिटांत धुऱ्याच्या खालच्या कडेस, पांढऱ्या भुकटींत, काळसर ओली चंद्रकोर उमटली. ओरखडा तसाच कोरडा होता!

स्प्रॉकेट उतरविल्यावर सर्व उलगडा झाला. साखळीचा गोळा आदळला तेव्हां तिची कड सीलवर घांसून त्याचा रबरी ओठ एका बाजूस चिरला होता. मिस्त्रींनीं धुरा हातानें हलवून पाहिला. त्यास ढिलेपणा नव्हता. तो असता, तर बेअरिंग झिजलेलें ठरून नवें सीलही लवकरच फाटलें असतें. कांहीं यंत्रांत हें सील बदलण्यासाठीं केस उघडावीच लागते. येथें तें बाहेरूनच निघालें. नव्या सीलची किंमत एखाद्या शालेय पुस्तकाएवढी होती. ओठास तेल लावून तें सरळ बसविलें, पुन्हा भुकटी टाकली, व बंधूंनीं दोन दिवस आपल्या वाड्या फिरून घेतल्या. भुकटी पांढरीच राहिली, तेव्हां गाडी बरी झाली असें आम्हीं म्हटलें.

मिस्त्री अनुभवी होते, आणि अनुभवानेंच त्यांस सर्वांत वाईट शक्यता प्रथम दिसली. अनुभव शंका सुचवितो. तिची परीक्षा मात्र प्रत्येक वेळीं नव्यानें करावी लागते. मुलगा गणितांत मागें पडला कीं आपण पालक डोळ्यांसमोर असलेल्या पहिल्याच कारणास दोष देतों: खेळास, सोबत्यांस, नाहीं तर नव्या शिक्षकांस. तेथेंही डाग पुसून, थोडें थांबून, ओल नेमकी कोठून येते तें पाहावें. कदाचित् दोन वर्षांपूर्वींचे अपूर्णांकच कच्चे राहिलेले असतील, आणि थोडक्या श्रमांत सर्व काम सुधारेल.

आमचे बंधू आतां दर महिन्यास साखळीचें झांकण उघडून तिला तेल देतात, आणि रोज सकाळीं निघण्यापूर्वीं अंगणांतील फरशीकडे एकदां पाहतात. दोहोंस मिळून पाव तासही लागत नाहीं.