या बसा, घ्या की!

नांदेडहून वसमतला जायचं तर मोटारीनं तासाभराचा रस्ता. रेल्वेनं जायचं तर पूर्णेहून अकोल्याकडे जाणारी गाडी धरावी. वसमत हे हळदीचं गाव. इथल्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. उन्हाळा तोंडावर आला की शिवारात हळद शिजू लागते आणि पुढं बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतात.

या मुलखात पाहुण्याला कोरड्या तोंडी कोणी जाऊ देत नाही. ओसरीवर पाय ठेवला की “या, बसा” होतं, पाण्याचा तांब्या पुढं येतो, मग चहा. तुम्ही “नको, आत्ताच घेतला” म्हणालात, तरी ते कोणी मनावर घेत नाही. “घ्या की, अर्धा कप!” पहिला नकार ही रीत, दुसरा संकोच. खरं काय ते तिसऱ्या वेळी कळतं.

बोलावण्यातही इथं पायऱ्या आहेत. “या एकदा घरी” हा नुसता जिव्हाळा. त्यावर कोणी पिशवी भरून निघत नाही. आवतण म्हणजे दिवस ठरलेला, वेळ ठरलेली आणि सांगायला माणूस आलेला. चूलबंद आवतण असेल तर त्या दिवशी घरची चूलच पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी पंगतीला जायचं.

वसमतला परक्या बोलीचं नवल नाही. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि कारभार उर्दूत चाले. आता पोरंपोरी शिकायला, नोकरीला पुण्या-हैदराबादेला जातात आणि तिथं इंग्रजीशी गाठ पडते. पुस्तकातलं व्याकरण पाठ असतं, पण साधा चहा विचारताना जीभ अडखळते.

याचं कारण समजून घ्या. मराठीत “बस” आणि “बसा” यांतच मान कळतो. इंग्रजीत लहानमोठ्या सगळ्यांना एकच “यू”. म्हणून “चहा घ्या” याचं शब्दाला शब्द “टेक टी” केलं, तर ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो. मान तिथं प्रश्नात ठेवायचा असतो : “वुड यू लाइक सम टी?” बसा म्हणायचं तर “प्लीज, हॅव अ सीट.” आपल्या “घ्या की” मधला आग्रह आणायचा असेल तर “डू हॅव सम मोर” म्हणावं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. इंग्रजी रिवाजात पहिला नकार हाच खरा धरतात. आपलं लेकरू संकोचानं “नो” म्हणालं, की ताट मागं जातं आणि पुन्हा कोणी विचारत नाही. त्यांच्या मनात उपेक्षा नसते. समोरच्याच्या शब्दाला मान दिला असं ते समजतात. इकडं लेकरू मात्र उपाशी राहतं आणि माणसं कोरडी आहेत असा ग्रह करून घेतं. तेव्हा भूक असेल तर पहिल्याच खेपेला “येस, प्लीज” म्हणावं. नको असेल तर “नो, थँक यू” म्हणावं. त्यात लाजायचं काही नाही.

“कम ओव्हर समटाइम” हे आपल्या “या एकदा घरी”सारखंच समजावं. “कॅन यू कम ऑन संडे, ॲट वन?” म्हटलं की ते खरं आवतण. जमणार असेल तर “आय वुड लव्ह टू.” जमणार नसेल तर त्यालाच “बट” जोडून कारण सांगावं.

घरी शिकती मुलं असतील तर संध्याकाळच्या चहाला एवढी चार वाक्यं त्यांच्याकडून म्हणून घ्या. आजीनंही “येस, प्लीज” म्हणावं. पोरं हसतील, पण शिकतील. आणि परगावी जाताना त्यांना एवढं नक्की बजावा : तिथं दुसऱ्या आग्रहाची वाट पाहू नका.