पत्रा आणि पॉलिश

मुलींना गाड्यांतलं काय कळतं, असं विचारणाऱ्यांनी हा लेख सरळ सोडून द्यावा! आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात मुली इनमीन चार. त्यामुळे नातेवाइकांत कुणाचा मिक्सर बिघडला तरी फोन मलाच येतो. या वेळी फोन आला तो थेट मिशिगनहून, आतेभावाचा. दादाला १९६७ ची फोर्ड मस्टँग घ्यायची होती.

मस्टँग बाजारात आली एप्रिल १९६४ मध्ये. १९६७ साली तिच्यात पहिल्यांदाच ३९० घनइंचांचं, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन मिळू लागलं. ३२० हॉर्सपॉवर! दहावीत असताना दादाच्या टेबलावर या गाडीचं चित्र चिकटवलेलं असायचं. आता ती खरीखुरी समोर उभी, लालभडक, आरशासारखी चकचकीत. किंमत ४० हजार डॉलर, तेही घरासाठी साठवलेल्या पैशांतून. वहिनी काहीच बोलत नव्हती, आणि तेच जास्त भीतीदायक होतं.

दादा सारखा इंजिनाचा आवाज ऐकवायचा. मला इंजिनाची काळजीच नव्हती. इंजिन उतरवता येतं, दुसरं बसवता येतं. पण मस्टँगला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. टाके मारून जोडलेला पत्रा हीच तिची चासी. पत्रा गेला की गाडीच गेली.

त्यात गाडी मिशिगनची! तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. गंमत म्हणजे मस्टँग बनायची डेट्रॉइटला खेटून असलेल्या डिअरबॉर्नमध्ये, आणि डेट्रॉइटच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे. गाडी तिथलीच आणि तिला खाणारं मीठही तिथलंच! खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून लोखंड झपाट्याने गंजतं. माझं आजोळ मालवणचं. तिथे खिडकीचे गज दर गणपतीला रंगवतात. गज दिसतो चांगला जाडजूड, आणि बोटाने दाबला की आत नुसता भुगा.

दादाला म्हटलं, फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून ने. लांबी भरून वर रंग मारला असेल तर तिथे चुंबक चिकटत नाही. मागच्या चाकांच्या वर आणि दाराखालच्या पट्टीवर ते चक्क घसरून पडलं. “अगं, एवढी जुनी गाडी, थोडं असणारच.” तेही बरोबर होतं. तो पत्रा नवा मिळतो. या गाडीची तर आख्खी बॉडी नवी बनवून मिळते. (मग ती गाडी १९६७ ची कशी, हे मला कुणीतरी समजवा.)

खरी परीक्षा पुढच्या काचेच्या पायथ्याशी. तिथल्या फटींतून गाडीत हवा येते. खालच्या पत्र्याच्या पेटीत पानं, माती साचते, ओल टिकते आणि हवेच्या भोकाची कड कुजते. बाहेरून काहीच दिसत नाही. दुरुस्तीला एकेक टाका ड्रिलने काढून सगळं उघडावं लागतं. तपासणं मात्र सोपं: वरून बादलीभर पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघा.

दादा तयारच होईना! “उगाच कार्पेट भिजेल. मालक सज्जन माणूस आहे, त्याला काय वाटेल?” मला वाटतं, उत्तर त्याला आधीच माहीत होतं. लग्न ठरवूनच बसलेल्या माणसाला पत्रिका बघायची नसते, तसं.

शेवटी पाणी ओतलं ते वहिनीने. दादा फोन धरून आत आडवा झाला होता आणि मी पुण्यात रात्री साडेअकराला बघत होते. आधी काहीच नाही. मग क्लचच्या पेडलवर एक थेंब पडला, मग दुसरा, मग धारच लागली. दादा एक शब्द बोलला नाही.

मालक खरंच सज्जन होता. त्याने गाडी रंगवलेलीच घेतली होती, त्यालाही ठाऊक नव्हतं. किंमत त्याने बरीच खाली आणली, तरी मी नाहीच म्हटलं. तो रंग कापून वेल्डिंग करायचं, म्हणजे रंगाचे पैसे दोनदा द्यायचे. दादाने गाडी सोडली आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलणंही सोडलं!

काल त्याने ॲरिझोनातल्या एका मस्टँगचे फोटो पाठवले. कोरड्या हवेतली गाडी. रंग उन्हाने उडालेला, सीट फाटलेल्या, इंजिन बंद, पण खालचा पत्रा कारखान्यातून आला तसा वाटतोय. खाली वहिनीचा निरोप: “ही फुकट दिली तरी ठेवायची कुठे?” दादा शनिवारी बघायला जातोय. चुंबक खिशात घेतलंय. बादली तिथे मिळेल का, एवढंच विचारत होता.