खिडकीतला पेला

नेरूळच्या आमच्या मंडळीत मी गेली तेवीस वर्षं रविवारची शाळा घेते. फ्लॅनेलच्या फळ्यावर चिकटवायच्या चित्रांपासून प्रोजेक्टरपर्यंत सगळं वापरून झालं. तरी या शाळेत मला जे काही शिकायला मिळालं, त्यातलं मोठं एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने शिकवलं, म्हणून तेच आधी सांगते.

पाठ होता योहानाच्या चौथ्या अध्यायातला. सूखार गावाजवळची विहीर, भर दुपार आणि शोमरोनी बाईकडे पाणी मागणारा येशू. यहुदी माणूस शोमरोन्याच्या भांड्याला तोंड लावत नसे, हे मी रंगवून रंगवून सांगितलं. वर ‘देव तिच्याच कळशीतलं पाणी मागतो’ असं एक वाक्यही टाकलं. ते मला फार आवडलं होतं. शेवटी, ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हटल्यावर पहिल्या रांगेतला आठ वर्षांचा मुलगा उठला. माझाच.

‘मग आपल्या मावशींचा पेला खिडकीत का असतो?’

असायचा खरा. स्वयंपाकघराच्या खिडकीत, ग्रिलला टेकून, भांड्यांच्या साबणाशेजारी, काठाला पोचा आलेला स्टीलचा पेला. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा चहा त्यात. असं कुणी कधी ठरवलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर मी ‘स्वच्छता’ म्हणाले असते. पण ही स्वच्छता पाहुण्यांच्या बाबतीत मला कधी आठवली नव्हती.

माझी आजी राहुरीकडची. तिच्या लहानपणी वरच्या आळीत तिला पाणी मिळायचं ते ओंजळीत, वरून ओतलेलं. आमचं घराणं ख्रिस्ती झालं त्यामागे शुभवर्तमानाइतकंच ते पाणी होतं, असं ती म्हणायची. तिची नात सिडकोच्या घरात राहायला आली आणि तिने खिडकीत पेला ठेवला.

मराठी ख्रिस्ती माणसाला पाण्याची गोष्ट निघाली की लक्ष्मीबाई टिळक आठवतातच. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला नाही. काही वर्षं ताटातुटीत गेली. नवऱ्याकडे परतल्या तेव्हाही त्यांचं सोवळं, त्यांची चूल, त्यांचं पाणी वेगळंच होतं. मग जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच झगडल्या आणि आधी सोवळं सुटलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा. हे सगळं त्यांचा लहानगा दत्तू पाहत होता. बाप तापट, हातचं राखून न ठेवणारा, संसार कोलमडला तरी दारी आलेल्याला घरात घेणारा. आई हट्टी, मिस्कील, पटल्याशिवाय पाऊल न उचलणारी. पुढे याच देवदत्ताने आईला आठवणी लिहायला लावलं आणि 1934 मध्ये ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. त्या 1936 मध्ये गेल्या आणि ग्रंथ 1938 मध्ये निघाला. ‘स्मृतिचित्रे’ची संपूर्ण आवृत्ती नातवाने, अशोक टिळकांनी, सिद्ध केली. या घरात श्रद्धा तीन पिढ्या टिकली ती आईबाप निर्दोष होते म्हणून नव्हे. त्यांचं काहीच मुलांपासून झाकलेलं नव्हतं, असं मला वाटतं.

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं. रविवारची शाळा आईबापांची जागा घ्यायला निघालीच नव्हती. 1780 च्या सुमारास इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने ती चालवली ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना सुटीच्या दिवशी लिहावाचायला शिकवण्यासाठी. त्याच्याही अडीचशे वर्षं आधी, 1529 मध्ये, मार्टिन ल्यूथरने लहान प्रश्नोत्तरी लिहिली तेव्हा ती घरच्या कर्त्याच्या हाती दिली होती: हे तू तुझ्या घरात शिकव. आम्ही मात्र पोरं सोडायची आणि तासाभराने न्यायची, ड्रायक्लीनिंगसारखी, अशी सोय करून बसलो. 168 तासांच्या आठवड्यातला एक तास माझा.

नवी मुंबईत हे जास्तच जाणवतं. इथली आमची बहुतेक कुटुंबं नगर, जालना, सोलापूरकडून नोकरीपायी आलेली. आजी गावी राहिली. पौल तीमथ्याला त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण देतो. इथे लोईस फोनवर आणि युनीके सकाळच्या हार्बर लोकलमध्ये. मी दोष देत नाही, मीही तीच गाडी पकडत होते. पण त्या गाडीत पर्समधून लहानसा नवा करार काढून वाचणारी एक आई मला माहीत आहे. तिची मुलगी माझ्या वर्गात तेविसावं स्तोत्र अडखळत म्हणते. सपासप म्हणून बक्षीस नेणाऱ्यांपेक्षा मला तिची खात्री वाटते. आणि संध्याकाळी मुलावर विनाकारण ओरडलेला बाप झोपायच्या आधी त्याच्याजवळ जाऊन ‘चुकलं माझं’ म्हणतो, तेव्हा क्षमेवरचे माझे चार पाठ वाचतात.

पेल्याचं काय झालं? दुसऱ्या दिवशी मी मावशींना आमच्याच कपात चहा दिला. त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, ‘ताई, माझा पेला कुठाय?’ मला उत्तर देता आलं नाही. कप हातात धरून त्या उभ्याच राहिल्या. खुर्चीवर बसायला त्यांना तीन आठवडे लागले. मुलगा गृहपाठाच्या वहीआडून सगळं बघत होता. वर्गात मी त्या पाठाबद्दल पुन्हा काही बोलले नाही. त्या पेल्याने आता आम्ही तांदूळ मापतो.

तेव्हा पालकांनो, मुलांना जरूर पाठवा. वर्ग साडेनऊला भरतो. फक्त त्यांना फाटकाशी सोडून गाडीत मोबाइल बघत बसू नका. मागचे दोन बाक मोकळेच असतात.