गच्चीवरचं कासव आणि मालेगावची थंडी

डिसेंबरात कासव जेवत नाही म्हणून शेजारच्या खाला टबात भाताची शितं टाकतात. माया खरी, पण टाकू नये. लाल कानाचं हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. तिथं ते गोठलेल्या तळ्याच्या तळाशी हिवाळाभर निपचित पडून राहतं, रिकाम्या पोटी. अंग गार पडलं की पचन थांबतं आणि पोटातलं अन्न सडतं.

आमच्या मालेगावची थंडी मात्र अर्धवट. पहाटे दात वाजतात, दुपारी ऊन चटका देतं. गच्चीवरच्या उथळ टबाचं पाणीही तसंच गार-गरम होत राहतं. कासव धड झोपत नाही, धड जागत नाही. खोल तळं असतं तर गोष्ट वेगळी. म्हणून जानेवारी सरेपर्यंत टब घरात, उघड्या खिडकीच्या उन्हात. मोसम नदीत सोडा म्हणणारेही भेटतात. त्यांचं ऐकत नाही. हा परदेशी पाहुणा देशी कासवांच्या तोंडचा घास काढतो.