एक कळशी पाणी

पहाटे साडेपाचला पार्किंगमध्ये उतरले, तर अण्णा आधीच गाडीजवळ उभे होते. भिंतीवरच्या चार्जरचा हिरवा दिवा निरखत त्यांनी विचारलं, "किती भरली?"

"95 टक्के."

"टक्के नको, युनिट सांग."

"38 युनिट, अण्णा."

ते मागे हात बांधून गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि पुढच्या सीटवर बसले. तुळशीच्या लग्नासाठी आम्ही पुण्याहून गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी निघालो होतो. माझी विजेची गाडी पहिल्यांदाच घरी जाणार होती आणि अण्णाही पहिल्यांदाच तिच्यातून इतक्या लांब येणार होते. कोयनेच्या पोफळी वीजगृहात त्यांची 22 वर्षं गेली. वीज साठवून ठेवता येत नाही, मागणी आली की त्या क्षणी तयार करावी लागते, हे त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलेलं. त्यामुळे 40 युनिटच्या पेटीवर भरवसा ठेवून सह्याद्री ओलांडायचा, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

तो हिरवा दिवा आमच्या भिंतीवर यायला 14 महिने लागले होते. आमची इमारत 2006 सालची. नव्या इमारतींत 20 टक्के पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याची तरतूद नंतर आली, तिचा आम्हाला उपयोग नव्हता. घरच्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, हे केंद्राच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. तो कागद घेऊन मी सोसायटीच्या कमिटीपुढे गेले. आग लागली तर? ट्रान्सफॉर्मरला भार झेपेल का? केबल सगळ्यांच्या जागेतून नेणार, मग उद्या आणखी 50 जणांनी मागितलं तर? यातला शेवटचा प्रश्न अगदी रास्त होता. पण उत्तर शोधायच्या ऐवजी विषय एका सभेतून दुसऱ्या सभेत ढकलला जात राहिला. त्या काळात मी रात्री साडेदहाला एका मॉलच्या तळघरात गाडी लावून पुस्तक वाचत बसायची.

अखेर तोडगा निघाला तो साधाच होता. माझ्या मीटरपासून माझ्या जागेपर्यंत 42 मीटर केबल, ती लोखंडी ट्रेमधून. मंजूर भार वाढवून घेतलेला, स्वतंत्र एमसीबी, गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी आणि परवानाधारक कंत्राटदाराचा दाखला. ट्रे मात्र मी मुद्दाम रुंद घालून घेतला. आज त्यातून सहा केबली गेल्या आहेत.

खेड शिवापूरचा टोल भरताना अण्णांनी विचारलं, "विजेच्या गाड्यांना माफ आहे ना?" राज्याच्या 2025 च्या धोरणातली माफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूला, या रस्त्यावर टोल भरावाच लागतो. शिरवळ मागे पडलं आणि खंबाटकीचा चढ लागला. आवाज न करता गाडी चढत होती, पण आकडा भराभर उतरत होता. अण्णांची नजर पडद्यावरून हलेना. "घाट संपला की थांबेल," मी म्हणाले. वाईचा फाटा येईपर्यंत आकडा स्थिरावला आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले.

साताऱ्याच्या पुढे एका धाब्यावर चार्जर आहे. तिथे पोचलो तेव्हा 45 टक्के उरले होते. आमच्या आधी एक टॅक्सी लागलेली. खासगी विजेच्या गाडीच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतात. हिच्यावर पिवळी होती. चालक तिशीतला, पहाटे कोल्हापूरहून भाडं घेऊन निघालेला. "दहा मिनिटं, ताई," म्हणत त्याने आमच्यासाठी बाकावर जागा केली. घरी पॉइंट आहे का, असं मी विचारलं.

"घरी? कात्रजला एका खोलीत राहतो. गाडी रस्त्यावर उभी असते. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडू का?"

घरी मला जे युनिट दहा-बारा रुपयांना पडतं, ते इथे जवळपास दुपटीने मिळतं. आणि त्याला सगळी वीज अशीच घ्यावी लागते. महिन्याला हजारो किलोमीटर तोच चालवणार, विजेच्या गाडीचा सर्वांत जास्त फायदाही त्यालाच व्हायला हवा. पण स्वतःची पार्किंगची जागा नाही, म्हणून महाग वीजही त्याच्याच वाट्याला. 14 महिन्यांची माझी तक्रार त्याच्यापुढे मला फार छोटी वाटली. माझं भांडण शेजाऱ्यांशी होतं. त्याला तर भांडायला कमिटीसुद्धा नाही. चाळी, वस्त्या आणि रस्त्यावर गाड्या लावणारी निम्मी पेठ यांच्यासाठी रात्री स्वस्तात वीज देणारे खांब गल्लोगल्ली उभे राहायला हवेत. महापालिकेने दिव्याचे खांब उभे केले, तसेच हेही करता येतील.

आमची गाडी 40 मिनिटांत 88 टक्क्यांवर गेली. तेवढ्यात तिघे-चौघे येऊन बघून गेले. तीन वर्षांपूर्वी लोक विचारायचे, "एका चार्जमध्ये किती जाते? मधेच बंद पडली तर?" आज एका शिक्षकांनी विचारलं, "सोसायटीची परवानगी कशी काढलीत?" दुसऱ्या एकाने विचारलं, "आठ वर्षांनी बॅटरीचं काय होतं?" गाडी घ्यायचं मनाशी पक्कं झालेल्या माणसांचे हे प्रश्न होते. मी शिक्षकांना केबलच्या जाडीपासून अर्जाच्या मसुद्यापर्यंत सगळं लिहून दिलं.

उंब्रजला महामार्ग सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो. उसाची शेतं, मधूनच कोयनेचं पात्र आणि डोंगरमाथ्यावर वनकुसवडेच्या पठारावरच्या पवनचक्क्या. पाटणला चहा घेताना एका जीपवाल्याने विचारलं, "घाटात ओढते का?" अण्णांनी मी बोलायच्या आत उत्तर दिलं, "खंबाटकी चढून आलीय."

कोयनानगरला ते बोलते झाले. 103 मीटर उंचीचं धरण, मागे शिवसागर जलाशय. बोगद्यांतून ते पाणी सह्याद्रीच्या पोटात शिरतं आणि साडेचारशे मीटरहून अधिक खाली कोसळून कातळात कोरलेल्या वीजगृहात जनित्रं फिरवतं. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह धरून 1,960 मेगावॉट. "संध्याकाळी सात वाजता सगळ्या राज्यात दिवे लागले की आमच्याकडे फोन यायचा, आणि काही मिनिटांत यंत्र सुरू," ते म्हणाले. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "या पाण्याखाली गावं आहेत. ती माणसं उठून कुठल्या कुठे गेली. फुकटची वीज कुठलीच नसते."

ते खरं आहे. राज्याची बहुतेक वीज आजही कोळशाची. माझ्या गाडीच्या मागे धूर नाही, पण चंद्रपूर, कोराडीच्या चिमण्यांतून तो निघतोच. तरीही मला ही गाडी हवी आहे. विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेचा फार मोठा वाटा चाकांपर्यंत पोचवते, पेट्रोलचं इंजिन त्यातला बराचसा उष्णतेतच घालवतं. आणि उद्या वीज वाऱ्याची-उन्हाची झाली, तर हीच गाडी आपोआप तितकी स्वच्छ होईल.

कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर पडद्यावर 58 टक्के होते. ढग निवळले होते. पावसाळ्यातले धबधबे आता बारीक धारा झाले होते. मी गाडी उतरणीला लावली आणि पाय पॅडलवरून उचलला. गाडी स्वतःच स्वतःला आवरत उतरू लागली. चाकं मोटर फिरवत होती, मोटर वीज करत होती, वीज बॅटरीत जात होती. वळणामागून वळण गेलं, ब्रेकला क्वचितच पाय लावावा लागला. पायथ्याशी पोफळीजवळ आकडा 60 झाला.

दोन टक्के म्हणजे जेमतेम पाऊण-एक युनिट. पण अण्णांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली. वर वळून डोंगराकडे बघत ते म्हणाले, "ज्या उतारावरून आमचं पाणी पडतं, त्याच उतारावरून आपण आलो. पाण्याने केलं तेच गाडीने केलं." मग बोनेटवर हात ठेवून म्हणाले, "धरणात आम्ही साठवत होतो ती वीजच की. मला कधी तसं वाटलंच नाही."

चिपळूण ओलांडून घरी पोचलो तेव्हा 36 टक्के होते. पडवीतल्या 15 अँपियरच्या पॉइंटला केबल लावली, तर चार्जरचा दिवा लाल. शेजारच्या वाडीतला वायरमन आला, त्याने टेस्टर लावला आणि मान हलवली. "ताई, लाईट हाय, पण अर्थिंग नाय. गाडी घेणार नाय." अर्थिंगसाठी पुरलेली जुनी सळई जांभ्यात कधीच कोरडी पडली होती. इतकी वर्षं पंखे, दिवे, मिक्सर त्याच्याशिवायच चालले. गाडीने मात्र घराचं ते दुखणं एका क्षणात दाखवून दिलं.

न्हाणीचं पाणी जिथे माडाच्या आळ्यात जातं, तिथली माती मऊ होती. वायरमनने पहारीने खड्डा घेतला, तांब्याची पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. अण्णा कंदील धरून शेजारी उभे होते, थर नीट दाबायला सांगत होते. रात्री साडेनऊला दिवा हिरवा झाला. शहरात 14 महिने, इथे तीन तास. इथे खड्डा आमच्याच अंगणातला होता, तिथे भिंत सगळ्यांची होती. तो फरक मला तिथे उभ्या उभ्या कळला. शहरात आपल्याला सगळ्यांची भिंत सगळ्यांनी मिळून वापरायला शिकायचं आहे.

सकाळी गाडी 90 च्या वर होती. वृंदावनापुढे ऊस बांधून झाला, चिंचा-आवळे आले. अण्णा विहिरीवरून कळशी भरून घेऊन येताना दिसले. मला वाटलं तुळशीला असेल. ते माडाच्या आळ्यापाशी गेले, खड्ड्यावरची फरशी सरकवली आणि कळशी सावकाश त्यात ओतली.

"मे महिन्यात आठवड्याला एक तरी ओतायला हवी," ते घरच्या काकूला बजावत होते. "नाहीतर हिची गाडी उपाशी राहील."