जुनी जर्मन कूपे घेताना

कूपे म्हणजे दोन दारांची, मागे उतरत गेलेल्या छपराची बंद मोटार. मागे सीट असलीच, तर तिच्यावर बसणारा प्रवासी शाळकरीच असणार, असे गृहीत धरून ती केलेली असते. अलीकडे जाहिरातींत चार दारांच्या सेडानला आणि चक्क उंच एसयूव्हीलाही कूपे म्हणतात. त्या गाड्या येथे बाजूला ठेवल्या आहेत. विषय आहे तो बीएमडब्ल्यूची एम३ व एम४, मर्सिडीजच्या एएमजी सी ४३ व सी ६३, ऑडीची टीटी व आरएस५ आणि पोर्शची केमन व ९११ या गाड्यांचा. यांतल्या बहुतेक साडेतीनशे अश्वशक्तीच्या पुढच्या. 'एमएच-१५' पाटीची अशी गाडी नाशिकमध्येच विकायला निघाली तर तो योग समजावा. एरवी ती मुंबईहून कसारा घाट चढून येते, नाहीतर पुण्याहून.

जर्मन कंपन्या महाराष्ट्राला परक्या नाहीत. मर्सिडीज १९९४ मध्ये पुण्यात आली, आधी पिंपरीत आणि २००९ पासून चाकणला. ऑडीची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला होते. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये चेन्नई गाठली. पण या कारखान्यांत जुळते ती सेडान आणि एसयूव्ही. कूपे जवळजवळ नेहमीच तयार होऊन जहाजाने आली. चाकण नाशिक-पुणे रस्त्यावरच असले तरी या गाड्यांच्या मालकाला त्या शेजाराचा उपयोग नाही. सातपूरच्या बॉशचाही नाही. तिथले काम डिझेल इंजेक्टरचे आणि या गाड्या पेट्रोलच्या. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या लोकांनी एका झटक्यात सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची देशभर चर्चा झाली. तो सौदा सुमारे ६५ कोटींचा होता. सरासरी काढली तर गाडीमागे ४३ लाख पडतात, तेव्हा त्यात एएमजी कूपे जवळपास नव्हत्याच असे म्हणायला हरकत नाही. कूपे घेणारा गिऱ्हाईक मुळात थोडा आणि तो घर चालवायला गाडी घेत नाही. म्हणूनच जुन्या बाजारात तिची किंमत इतकी घसरते.

नव्या आयात गाडीच्या किमतीवर शंभर टक्क्यांहून जास्त सीमाशुल्क लागते, शिवाय महाराष्ट्रात आयात गाडीवर आणि कंपनीच्या नावे घेतलेल्या गाडीवर २० टक्के वाहनकर. या कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. हे सगळे पहिला मालक भरतो आणि दुसऱ्याला त्यातले फारसे मोजावे लागत नाही. खरे आकर्षण हेच. एफ८२ मालिकेतली एम४ २०१४ च्या अखेरीस भारतात आली, तेव्हा तिची शोरूम किंमत १ कोटी २० लाखांच्या आसपास होती. समजा, तीच आज कोणी ४० लाखांना देऊ करतो. गाडी ४० लाखांची झाली, पण तिची ब्रेक डिस्क, तिचा गिअरबॉक्स, तिचा हेडलाइट सव्वा कोटीच्या गाडीचाच राहिला. उलट महागला, कारण २०१४ मध्ये ८० रुपयांच्या घरात असलेला युरो २०२५ च्या अखेरीस शंभरीपार गेला होता. जुन्या कूपेच्या सौद्यात बहुतेकांची चूक होते ती या हिशेबात. ज्याच्याजवळ बरोबर ४० लाख आहेत त्याने ४० लाखांची गाडी घेऊ नये, ३२ ची घ्यावी आणि ८ लाख बँकेत राहू द्यावेत. पहिल्या दोन वर्षांत ते लागतात.

कोणती गाडी घ्यावी हे रंग आणि आवाज ठरवतात. ते इंजिनने ठरवावे. ई९२ मालिकेच्या एम३ चे चार लिटरचे, आठ सिलिंडरचे, ४२० अश्वशक्तीचे इंजिन आठ हजारांच्या वर फिरते आणि त्याच्या आवाजावर माणसे भाळतात. त्याचे दुखणे म्हणजे कनेक्टिंग रॉडची बेअरिंग. ती झिजतात आणि झीज कानाला कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून जाणकार मालक ती आधीच बदलून घेतात आणि बिल जपून ठेवतात. असे बिल असलेली ९० हजार किलोमीटरची गाडी, बिल नसलेल्या ४० हजारांच्या गाडीपेक्षा बरी. एम४ च्या सहा सिलिंडरच्या ट्विन-टर्बो इंजिनात क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाचा हब चावीने अडकवलेला नसून नुसत्या बोल्टच्या दाबावर बसवलेला असतो. ताकद वाढवलेल्या गाड्यांत तो सरकतो, टायमिंग चुकते आणि वाल्व्ह पिस्टनला भिडू शकतात. जुन्या सी ६३ च्या ६.२ लिटर व्ही-एटमध्ये सुरुवातीच्या काळातले सिलिंडर हेडचे बोल्ट गंजून तुटत, तुटले की कूलंट आत जाई. कंपनीने पुढे बोल्ट बदलले, त्यामुळे इंजिन क्रमांक पाहिल्याशिवाय या गाडीचा भाव बोलूच नये. पहिल्या आरएस५ मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, इनटेक वाल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळीचे थर चढतात. ते काढण्यासाठी अक्रोडाच्या कवचाचा चुरा हवेच्या दाबाने मारतात. काम सोपे, पण करणारा माणूस शोधावा लागतो. २००९ च्या आधीच्या साध्या ९११ मध्ये इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग आणि सिलिंडरच्या भिंतींवरचे ओरखडे ही दोन भुते आहेत. दुसऱ्यासाठी प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत घालून पाहतात. नंतरच्या इंजिनांत तो शाफ्टच नाही.

गिअरबॉक्सचा प्रश्न नाशिकच्या रहदारीत जास्त बोचतो. द्वारका चौकात अर्धा तास इंच-इंच सरकताना ड्युअल क्लचच्या प्लेटा घासत राहतात. एम४ चा सात गिअरचा डीसीटी आणि पहिल्या आरएस५ चा एस-ट्रॉनिक याच जातीचे. २०१८ मध्ये आलेल्या आरएस५ ला आणि २०१९ मध्ये ७५ लाखांच्या शोरूम किमतीला आलेल्या सी ४३ कूपेला साध्या ऑटोमॅटिकच्या वळणाचे गिअरबॉक्स आहेत आणि चारही चाकांना ताकद मिळते. रोज चालवायची असेल तर सी ४३ त्यातल्या त्यात शहाणपणाची. हौशी लोकांना हे पटत नाही.

गाडी पाहायला जाताना आदल्या रात्री विक्रेत्याला फोन करून सांगावे, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. सकाळी गेल्या गेल्या आधी बॉनेटवर हात ठेवावा. पत्रा कोमट लागला तर गाडी आधी तापवून ठेवली आहे आणि त्यामागे कारण आहे. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळीची खडखड ऐकू येते का, तेवढ्यासाठी सोबतच्या सगळ्यांनी गप्प राहावे. नेमके याच वेळी विक्रेता गाडीच्या गुणांविषयी बोलू लागतो. सायलेन्सरजवळ उभे राहून धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. हिवाळ्यातली पांढरी वाफ मिनिटा-दोन मिनिटांत विरते. विरली नाही आणि तिला गोडसर वास असला, तर कूलंट जळते आहे.

यानंतर स्कॅनर. किलोमीटरचा आकडा फक्त डॅशबोर्डवर नसतो, गाडीच्या इतर कॉम्प्युटरांतही असतो. मीटर मागे फिरवणारे सगळीकडे पोचतातच असे नाही. दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत, तर पुढची तपासणी करण्यात वेळ घालवू नये. रिमॅप करून ताकद वाढवलेली गाडी विकण्याआधी पूर्ववत करून ठेवतात. ऑडीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला तसा संशय आला तर कंपनीच्या नोंदीत त्या गाडीवर कायमचा शिक्का बसतो. चॅसिस क्रमांक देऊन तिथे विचारून घेता येते. रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र प्रत्येक पत्र्यावर टेकवावे. कंपनीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनचा असतो; एकाच दारावर आकडा तिप्पट-चौपट निघाला तर आत पुटी आहे.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे याहून महत्त्वाचे. मुंबईत २६ जुलै २००५ ला आणि २९ ऑगस्ट २०१७ ला पाणी भरले, चेन्नई डिसेंबर २०१५ मध्ये बुडाली. अशा गाड्या धुऊनपुसून दूरच्या गावी विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा; एरवी गुंडाळलेल्या भागावर चिखलाची फिकट रेघ राहून जाते. सीटखालच्या बोल्टवर गंज आणि कनेक्टरवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली, की सौदा तिथेच सोडावा.

टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांत १८ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे टायर नक्षीने कोरे दिसतात, पण रबर मेलेले असते. अशा टायरवर समृद्धी महामार्गावर तासाला १२० ने जाणे म्हणजे जिवाशी खेळ. १९ इंची चाकांच्या एम४ ला पुढे २५५ आणि मागे २७५ रुंदीचे टायर लागतात, त्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत आणि स्टेपनी तर नसतेच. शिवाय जून २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत. ब्रेकचे कॅलिपर बीएमडब्ल्यूवर सोनेरी किंवा पोर्शवर पिवळे दिसले, तर आत कार्बन-सिरॅमिक डिस्क आहेत. त्या बदलायचा खर्च आधी विचारून घ्यावा, मगच किंमत बोलावी.

कागद पाहणे कंटाळवाणे, पण नुकसान सर्वांत मोठे इथेच होते. 'वाहन' प्रणालीवर मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, हे दिसते. बोजा उतरवायला बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ लागतो, हस्तांतरणाला २९ आणि ३०, परराज्यातील गाडीला फॉर्म २८ ची एनओसी. गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर 'एमएच-०२' ची पाटी नाशिकला आली तरी तशीच राहते. परराज्याची गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवा क्रमांक आणि इथला कर. दिल्लीची स्वस्त गाडी किंवा पुदुच्चेरीचे 'पीवाय' पासिंग पाहून ज्यांचे डोळे चमकतात, त्यांनी हा कर किमतीत मिळवून पाहावा. कंपनीच्या नावावरची गाडी असेल तर संचालकांचा ठराव मागावा. अशी विक्री नोंदणीकृत व्यवसायाकडून होत असल्याने नफ्याच्या फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो; दोन खासगी व्यक्तींच्या व्यवहारात तो नाही.

आयात गाडीचा आणखी एक कागद असतो, बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्काचा दाखला. २०२१ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने 'ऑपरेशन मॉन्टे कार्लो'मध्ये परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावे शुल्क न भरता आणलेल्या महागड्या गाड्या पकडल्या होत्या. अशा प्रकरणात जप्ती येते ती गाडी ज्याच्या दारात उभी असते त्याच्यावर, म्हणून हा कागद नसला तर भाव कितीही उतरला तरी उपयोग नाही.

गाडी घरी आल्यावर नाशिकचे रस्ते भेटतात. गतिरोधक कसा असावा याचे मानक आहे: दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे चढ-उतार सावकाश. गल्लीतले गतिरोधक एका रात्रीत ओतलेले असतात, उंची तीच आणि रुंदी हातभर. कूपेची पुढची ओठासारखी पट्टी तिथे पहिल्याच आठवड्यात घासते. तिरकी काढावी, आणि मागच्या रिक्षावाल्याच्या हॉर्नकडे दुर्लक्ष करावे. पेट्रोल टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते तेच घालावे, बहुधा ९८ ऑक्टेन आणि निदान ९५. साधे पेट्रोल पूर्वी ९१ चे असे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील तपासून घ्यावेत. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर ब्रेक डिस्कवर गंज चढतो आणि बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात.

पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, ब्रेक फ्लुइड आणि कूलंट बदलावे, मागच्या मालकाने काहीही सांगितले असले तरी. बॅटरी बदलली तर बीएमडब्ल्यूच्या कॉम्प्युटरला ती स्कॅनरने कळवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्याच हिशेबाने होत राहते. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. नो-क्लेम बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो, म्हणून जुन्या मालकाची सवलत आपल्याला मिळत नाही. आणि टोइंगवाल्याचा नंबर मोबाइलमध्ये ठेवताना तो फ्लॅटबेडवाला आहे ना, हे विचारून घ्यावे. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी दोन चाके उचलून मुंबईपर्यंत ओढत नेली, तर घाट उतरेपर्यंत गिअरबॉक्सचे वेगळे बिल तयार होते.