एकतिसाव्या वर्षी रिटायर

सौंसर,
पोळ्याचा दुसरा दिवस

चि. बाळ्यास,


आज तुमच्याकडे जाम नदीवर गोटमार, दगडांचा पाऊस. तू घरातच बस. एक गुडघा गेलाच आहे, आता डोकं तेवढं शाबूत राहू दे.

फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि मोकळा होतोस, म्हणून लिहायला घेतलं. ताई सांगत होती, कोणी विचारलं तर तू "रिटायर झालो" म्हणतोस आणि ऐकणारे हसतात. एकतिसाव्या वर्षी रिटायर हे आपल्याकडे कोणाच्या पचनी पडणार? मग दुसरा प्रश्न येतो, "गोल किती मारले?" बॅकला असं कोणी विचारत नाही. तुझ्यासारख्या स्ट्रायकरचा सगळा जन्म मात्र त्या एका आकड्यावर तोलतात.

'मैदान' सिनेमात फुटबॉलपटू नेव्हिल डिसोझाचं नाव तू ऐकलं असशील. सिनेमा प्रशिक्षक रहीमसाहेबांचा, त्याचा सगळा जोर १९६२ च्या जकार्ताच्या आशियाई सुवर्णपदकावर, त्यामुळे मेलबर्नचं ऑलिंपिक येतं आणि निघून जातं. मला विचारशील तर मेलबर्नच मोठं. १९५२ ला हेलसिंकीत आपली पोरं अनवाणी खेळली आणि युगोस्लाव्हियाने दहा-एकने धुतली. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चारच वर्षांनी, १ डिसेंबर १९५६ ला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये समोर यजमान ऑस्ट्रेलिया. हंगेरीचा संघ आलाच नाही म्हणून पहिली फेरी न खेळताच आपण पुढे आलो होतो, तेव्हा "फुकटात आले" म्हणणारेही असणारच.

मुंबईकडून खेळणारा नेव्हिल तेव्हा चोवीस वर्षांचा, सेंटर फॉरवर्ड. त्याने गोल केला, ऑस्ट्रेलियाने फेडला. त्याने दुसरा केला, तोही फेडला. दोनदा पुढे जाऊन दोनदा बरोबरी झाली की फॉरवर्डचे पाय कसे जड होतात ते तुला मी काय सांगू! मध्यंतरानंतर त्याने तिसरा मारला. चौथा किट्टूचा. चार-दोन. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई, आणि उपांत्य फेरी गाठणारा आपला पहिला आशियाई संघ.

उपांत्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. मग पहिला गोल कोणाचा? नेव्हिलचाच. दहाला एकने हरलेला देश चार वर्षांनी एक-शून्यने पुढे! पंधरा मिनिटांच्या आत त्यांनी तीन मारले आणि सामना चार-एकने गेला, कांस्यपदकाचा सामनाही बल्गेरियाने तीन-शून्यने नेला, हे खरं. पण स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे तिघे निघाले, प्रत्येकी चार, आणि एक युगोस्लाव्ह, एक बल्गेरियन यांच्या बरोबरीने आपला नेव्हिल. पुढे तो १९८० ला गेला, वय अवघं ४७. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या मेलबर्नच्या दोन दुपारी. मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं जे धावला ते कोणी मोजत नाही.

आता तुझ्या कामाचं. नेव्हिल टाटाकडून खेळला, कॅल्टेक्सकडून खेळला. तेव्हा मुंबईच्या संघांची नावंच कंपन्यांची. कूपरेजवर रोव्हर्स कप भरायचा, १९५८ ला कॅल्टेक्सने तो जिंकलाही. ऑलिंपिकमध्ये धंदेवाईक खेळाडू चालत नव्हता, म्हणजे पोटासाठी नोकरी हवीच. कंपनीचा खेळाडू हजेरीपटावर सही करायचा आणि सरावाला पळायचा. पाय थकले की त्याच टेबलावर पूर्ण वेळ बसायचा, पगार चालूच. रिटायर व्हायचा तो अठ्ठावन्नाव्या वर्षी, फंड-ग्रॅच्युइटी घेऊन, चार लोकांसारखा. मैदानातून बाहेर पडण्याला वेगळं नाव लागतच नव्हतं.

१९९६ ला राष्ट्रीय लीग आली, २०१४ ला आयएसएल. दिवे लागले, टीव्ही आला, मूठभरांना पैसाही चांगला मिळाला. त्याच काळात २००६ ला राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० ला बंद झाला आणि पुढच्याच वर्षी जेसीटी. टेबल गेलं, करार आला. वरच्यांचं निभतं. तुझ्यासारख्या खालच्या फळीतल्याला करार म्हणजे काय हे शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे बुडाले तेव्हा कळलं. त्या क्लबचं नाव मी घरात घेत नाही, ताई तासभर शिव्या देते.

म्हणून "मामा, दहा वर्षं वाया गेली" हे मला पटत नाही. वाया तू घालवली नाहीस. नेव्हिलच्या वेळी खेळाखाली जी सतरंजी होती ती तुझ्या वेळेपर्यंत कोणीतरी गुंडाळून नेली होती. तू मात्र हिशेब स्वतःच्या गोलांचा मांडत बसलास.

बोरगावच्या कारखान्यात चिकटायचं असेल तर चिकट, शिफ्ट ड्यूटीत कमीपणा नाही. पण आधी 'डी' लायसन्सचा कोर्स कर. आमच्या इथे संध्याकाळी पंचवीस-तीस पोरं खेळतात, त्यांत सात-आठ पोरी. सगळे चेंडूमागे एका घोळक्यात धावतात आणि गोलासमोर पोचलं की डोळे मिटून लाथ हाणतात. परवा एकीने चेंडू पायाखाली दाबला, मान वर केली, गोलकीपर कुठे झुकलाय ते बघितलं आणि दुसऱ्या कोपऱ्यात हळूच सरकवला. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. पुढचं शिकवायला माझ्याजवळ काही नाही, शिट्टी तेवढी आहे.

कोर्सची फी मी भरतो. ताईला सांगू नकोस, नाहीतर उगाच भांडेल. फॉर्मची शेवटची तारीख बघून कळव. आणि गुडघ्याचे रिपोर्ट घेऊन ये, नागपूरला दाखवू.

तुझा,
मामा